खोकल्यामागची शिवी

सगळी आळी खोकली आणि दीपालीला ठसका लागला नाही.

आधी समोरच्या माडीवर कुणीतरी खोकलं, मग विहिरीकडच्या घरात, मग एकेक करत खिडक्या धाडधाड लागल्या, आणि आतल्या खोलीत मोबाइलवर कॉलेजची परीक्षा देत बसलेली तिची मुलगी दिशा नाकाला ओढणी लावून ओरडली, "आई, निदान मधलं दार तरी लाव." दीपाली गिरणीच्या मागच्या पडवीत चुलीपाशी उभी होती. हातात उलथणं, पुढ्यात मोठी कढई, कढईत हफीजाखालाची मिरची. धूर सरळ तिच्या तोंडावर येत होता आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. तिनं आधी दिशालाच झापलं, की एवढं काय मेलं नाटक, मिरचीच्या घरात जन्माला आलीस ना. मग खाली बघितलं. मिरची काळी पडली होती. तपकिरी नव्हे, काळी. देठाकडून जळून तिचा चुरा व्हायला लागला होता आणि दीपाली ती अजून हलवतच होती. इतकी वर्षं ती आळीतल्या सगळ्या सुनांना सांगत आली होती की मिरची डोळ्यांनी नाही, नाकानं भाजायची. वास उलटायच्या जरा आधी कढई उतरवायची, ती वेळ जिला कळली तिचा मसाला वर्षभर टिकला. म्हणून तर तिचं कढईकडे लक्ष नव्हतं. ती गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या डंकाकडे बघत सोमवारचा विचार करत होती, आणि नाकानं तिला काही सांगितलंच नाही.

तो डंक म्हणजे तिचं खरं दुकान. पुढच्या खोलीतली पिठाची चक्की सासऱ्यांच्या वेळची, तिच्यावर घर चालतं असं आपलं म्हणायचं. वर्षाचं पोट भरतो तो मागचा डंक, लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक उखळात आदळत मसाला कुटणारा, आणि तोही फक्त शिमगा सरल्यापासून मृग लागेपर्यंत. त्या दिवसांत पार पावस गावापासून बायका डबे आणि पिशव्या घेऊन यायच्या आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत डंकाशेजारी पाट घेऊन बसायच्या. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं, ही रीत. सख्खी बहीण असली तरी तिच्या भरवशावर कुणी डबा टाकून जात नाही. घराघराचं माप वेगळं, कुणाकडे धणे जास्त, कुणाकडे त्रिफळं, आणि ते माप मोठ्यानं बोलायचं नाही. बाकी सगळं मोठ्यानं बोलायचं. सासवा, जावा, मुंबईला गेलेले नवरे, आखातातून न येणारे फोन, सगळं डंकाच्या आवाजावर आवाज चढवून. आणि त्या दिवसांत सगळी आळी खोकायची. खोकायची आणि शिव्या घालायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात दीपालीला त्या शिव्यांनी रडू फुटलं होतं. खेडच्या तिच्या माहेरी एवढ्या उघड शिव्या कुणी देत नव्हतं. मग हळूहळू कळलं की मिरचीचा खोकला आणि दुसरा खोकला यांत फरक असतो. मिरचीचा खोकला कोरडा, उडता, आणि त्याच्यामागून शिवी येतेच. शिवी आली की समजायचं, माणूस ठणठणीत आहे. हफीजाखालाची तर ठरलेली. राजिवड्यावरून ही म्हातारी दर वर्षी सगळ्यांच्या आधी यायची, डंकाला चिकटून बसायची, आणि पहिला घाव पडला की खोकून खोकून लाल होत म्हणायची, "मेले, जीव घेतंस काय मना?" ते ऐकल्याशिवाय दीपालीला हंगाम सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

मागच्या वर्षापासून खोकल्यामागून शिवी येईनाशी झाली. कुणी खोकलं की आळी गप्प होते आणि कान टवकारते, कुठल्या घरातून आला, कोण आलं होतं त्यांच्याकडे. मागचा हंगाम तसाच गेला, तेव्हा दीपाली काही बोलली नाही, कारण तेव्हा सगळ्यांचंच गेलं होतं आणि सगळ्यांचं गेलं की माणसाला बोलायला लाज वाटते. यंदा शिमग्यानंतर जरा डंक सुरू झाला आणि पुन्हा बंदी आली. आळीतूनच कुणीतरी तक्रार केली, की मिरचीच्या खोकल्यात खरा खोकला कळत नाही. मग नगरपालिकेचा माणूस आला, गळ्यात ओळखपत्र, तोंडावर दोन मास्क, आणि पायरीवरूनच म्हणाला की पीठ चालेल, अकरापर्यंत, मसाला नाही. का, तर दळण टाकून माणूस जातो आणि मसाल्याला बायका बसतात. दीपाली तासभर त्याच्याशी भांडली. भांडताना तिला सगळ्यात जास्त राग कशाचा येत होता, तर त्याचं बरोबर होतं. बायका बसतात. बसणारच. पण मग कधी, साहेब, असं तिनं विचारलं. मिरचीला पावसाआधीचंच ऊन लागतं. मृग लागला की गच्चीवर वाळवलेली मिरची सादळते, मग ती भाजा नाहीतर पुरा. तो म्हणाला, "वरून आदेश आला की सांगू. थोडी कळ काढा." कळ काढा. हे वाक्य तिनं त्या महिन्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की टीव्हीवर कुणी शहाणा बोलायला लागला की ती आवाज बंद करायची. बंद कधी करायचं हे सगळ्यांना लगेच कळतं. उघडायचं कधी हे विचारलं की प्रत्येक जण वर बोट दाखवतो, आणि त्या वरच्याच्याही वर कुणीतरी असतो. शेवटी उघडतील तेव्हा पाऊस दारात असेल, वरातीमागून घोडं.

आणि बाजार काय खरोखर बंद होता? कापडवाला अर्ध्या शटरखालून लग्नाच्या साड्या विकत होता. भांडेवाला मागच्या गल्लीतून कुकर देत होता. सलूनवाला तर घरोघर जाऊन दाढ्या करत होता आणि पूर्वीपेक्षा जास्त मागत होता. प्रत्येकानं आपापली फट शोधली होती. दीपालीला फट नव्हती. तिचा डंक एकदा चालू झाला की मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जायचा, आणि तो बंद ठेवून नुसती मिरची भाजली तरी आळी खोकायची. चोरून करता येत नाही असा धंदा तिच्या नशिबी आला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पडवीत डबे साचत चालले होते; बायका यायच्या, डबा ठेवायच्या, पण रीत मोडवेना म्हणून चहा पिऊन तासभर बसून जायच्या, जणू बसलं की डंक आपोआप चालू होईल. मास्क हनुवटीवर. दीपालीचाही. भाजणं तरी उरकून ठेवू, उघडलं की लगेच कुटायला घेऊ, असं म्हणून ती हल्ली पहाटे उठून एकेकीची मिरची भाजत होती. पहाटे आळी खिडक्या लावून झोपलेली असते. आज उशीर झाला आणि खिडक्या उघडल्या होत्या.

सोमवारची गोष्ट इद्रीसनं काढली होती. इद्रीस म्हणजे हफीजाखालाचा मुलगा, दोहाहून चार पैसे घेऊन परतला आणि बाजाराच्या तोंडावर चपलांचं दुकान टाकलं. दुकान टाकलं आणि बंदी आली, त्यामुळे त्याच्या अंगात सगळ्या व्यापाऱ्यांचा राग एकवटला होता. तो आठवड्यापूर्वी पायरीवर उभा राहून तिला समजावून गेला. टक्का दहाच्या खाली आला तर सोमवारपासून शिथिलता. शिथिलता हा शब्द दीपालीनं त्याआधी फक्त वैद्याच्या जाहिरातीत वाचला होता. "वैनी, टक्का म्हणजे काय?" इद्रीस म्हणाला. "तपासले त्यातले निघाले किती. आता तपासायला जातो कोण? जो तापानं फणफणलाय तो. मग टक्का वरच राहणार ना? आपण धडधाकट माणसं नेऊन बसवू. दर दुकानामागं दहा. सगळे निगेटिव. टक्का आपोआप खाली येतो." दीपालीला ते ऐकताना आमटी आठवली. आमटी खारट झाली की बाई पाण्याचा तांब्या ओतते. चव लागते बरी, मीठ असतं तेवढंच. पण ती हे बोलली नाही. तिला डंक चालवायचा होता. तिनं दहा बायका कबूल केल्या, सगळ्या आपल्या डबेवाल्या, सगळ्या ठणठणीत, आणि त्यांना सांगितलं की नाकात जरा काडी घालतात, मिरचीच्या ठसक्यापुढे ते काहीच नाही. शुक्रवारी सकाळी बंद पडलेल्या शाळेच्या व्हरांड्यात कॅम्प होता. तो शुक्रवार म्हणजे आज.

तिनं कढई उतरवली आणि हिंगाची डबी उघडली. पांढरी पूड. नाकाला लावली, ओढली, नुसतं काहीतरी कोरडं आत गेलं. मग खोबरेल तेल, मग फिनेल, मग देवघरातली उदबत्ती, मग पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला सुक्या बोंबलांचा डबा उघडून तिनं अख्खं तोंड त्यात घातलं. ज्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर शेजारची मांजरं रात्रभर दारात बसतात, त्या डब्यात तिला काहीच नव्हतं. भिंतीचा वास येतो तेवढाही नाही. तिला वाटलं आपण बहिऱ्या झालो आहोत, आणि लगेच वाटलं की हे काय भलतंच, बहिरेपणाचा काय संबंध. पण तसंच वाटलं. एखादी खोली आतून बंद झाली होती आणि ती खोली तिच्या कमाईची होती. तेवढ्यात अनिल, तिचा नवरा, टॉवेल खांद्यावर टाकून पडवीत आला. "अगो, काय जळतंय? पार कोपऱ्यापर्यंत वास आला." त्याला येत होता. अनिल एसटीत कंडक्टर. डेपोतल्या बऱ्याच गाड्या उभ्या होत्या म्हणून त्याला मुंबईच्या ड्युटीवर पाठवलं होतं, आणि तिथून आल्यावर एक दिवस त्याचं अंग कसकसलं होतं. प्रवासाचा शीण, असं तो म्हणाला, तिनंही शीणच म्हटलं, काढा करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो चक्कीवर उभा राहिला. तेव्हा तपासायला जा असं ती म्हणाली नाही. का म्हणाली नाही ते आता तिला लख्ख कळत होतं. पॉझिटिव निघाला असता तर घराला बांबू लागले असते. "मला वास येत नाहीये," ती म्हणाली. अनिलनं कढईकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बराच वेळ टॉवेलानं मान पुसत राहिला. "आज कॅम्पला जायचा नाय तू," तो म्हणाला. "सांग ताप आलाय." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो म्हणाला, "म्हणजे ताप नको सांगू. दुसरा कायतरी सांग."

दुसरं काय सांगणार होती? ती जळकी मिरची सुपात काढत बसली. न जाणं सोपं होतं. घरात गप्प बसायचं, दहा बायका जातील, टक्का खाली येईल, सोमवारी डंक चालेल, तोवर नाकही परत येईल, लोकांचं येतंच. कुणाचं काय बिघडलं? मग तिला परवाची दुपार दिसली. हफीजाखाला पाटावर बसली होती, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, मास्क गळ्यात, दोघींचा चहा, आणि खाला मान पुढे करून सांगत होती की सून मनाल भीतीनं पोरांना घेऊन खेडला माहेरी गेली, नातू रय्यान फोनवर रडतो, घर खायला उठतं, म्हणून येतंय तुज्याकडं बसायला. म्हातारीला साखर. पायाची जखम महिना महिना भरत नाही. खाला हसली तेव्हा तिची थुंकी दीपालीच्या हातावर उडाली होती आणि दीपालीनं पदराला हात पुसला होता, तिला वाईट वाटू नये म्हणून हळूच. आता उलटा विचार केला तर दीपालीच्या तोंडातून तिच्याकडे काय काय गेलं असेल. तिला स्वतःचा राग आला, मग अनिलचा, मग त्या पायरीवरच्या माणसाचा, मग पुन्हा स्वतःचा, आणि मग कुणाचाच नीट येईना. बंद ठेवा म्हणणारे चूक नव्हते. उघडा म्हणणारी ती चूक होती का? घरात बसून तिनं काय खायचं, हे बंद ठेवणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. आणि उघडल्यावर खालाचं काय व्हायचं, हे तिनं कधी विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी असं अर्धंअर्धं शटर. तिनं जळकी मिरची टोपलीत ओतली आणि पातळ बदलून कॅम्पला निघाली. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. बहुतेक काहीच बोलायचं नाही असंच ठरत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात खडूनं गोल काढले होते आणि बायका गोलांत उभ्या न राहता दोन दोन तीन तीन मिळून उभ्या होत्या. लग्नाला आल्यासारखी इद्रीसची धावपळ चालली होती. "वैनी, तुमची दहा पुरी ना? शाबास." हफीजाखाला सगळ्यात पुढे खुर्ची मिळवून बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बायकांना सांगत होती, "माजा मसाला हिच्याकडं हाय. हिच्या नाकावर भाजलेला. डोले मिटून घ्या तुमी." दीपालीला ते ऐकून घरी पळून जावंसं वाटलं. ती मुद्दाम लांब, भिंतीच्या कडेला उभी राहिली. मागं कुणीतरी खोकलं. सगळा व्हरांडा गप्प झाला, माना वळल्या, खोकणारा माणूस शरमून म्हणाला की पाणी घशात अडकलं. कुणी त्याला शिवी दिली नाही. मग पांढऱ्या पोशाखातली, चष्म्याच्या आत घामानं भिजलेली नर्स खालाला घेऊन बसली, काडी घातली, खाला शिंकली आणि थोड्या वेळानं निगेटिव म्हणून दोन्ही हात उडवत उठली. इद्रीसनं आईच्या पाठीवर थाप मारली. एक निगेटिव. टक्का खाली.

मग दीपालीचा नंबर आला. नर्सनं नाव विचारलं, वय विचारलं, आणि वर न बघता विचारलं, "लक्षणं काही? ताप, सर्दी, अंगदुखी?" दीपाली "नाही" म्हणाली. तिन्ही वेळा नाही, आणि तिन्ही वेळा खरं. "चव, वास येतो ना?" हा प्रश्न नर्सनं दिवसभरात कितीतरी जणांना विचारला असेल, कागद भरता भरता, उत्तर न ऐकता. येतो म्हटलं असतं तर तिनं येतो लिहिलं असतं. आणि दीपालीला खरं बोलायची काही उबळ आली नव्हती, पुढे लोकांनी म्हटलं तसं धाडस वगैरे तर मुळीच नव्हतं. तिला नुसता वैताग आला होता. अख्खं आयुष्य ती एका नाकावर उभी होती. इतर सगळ्याबद्दल तिनं खोटं सांगितलं असतं, नाकाबद्दल सांगवेना. "वास येत नाही," ती म्हणाली. "सकाळी मिरची जाळली मी. मला कळलंच नाही." तिच्यामागच्या गोलातली बाई एक गोल मागे सरकली, मग तिच्यामागची. काडी नाकात गेली तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पट्टीवर दुसरी रेघ उमटायला फार वेळ लागला नाही. तिनं वळून आपल्या बायकांना सांगितलं की तुम्ही सगळ्या माझ्याकडे बसला होतात, आज निगेटिव आलात तरी घरात वेगळ्या राहा, दोन-चार दिवसांनी परत तपासा. बायका ऐकत होत्या की नाही कळेना. त्या निघायच्या घाईत होत्या. इद्रीस गोल सोडून लांब उभा राहिला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "वैनी, सोमवारपर्यंत जरा कळ काढायचीत ना."

तिला हसू आलं. त्याही तोंडातून तेच वाक्य. "खालाला सांभाळ," ती म्हणाली. "मी तिच्याजवळ बसले होते परवा." इद्रीस म्हणाला, "ती निगेटिव हाय वैनी. आताच आली ना." आणि खाला, तिचा मास्क अजून गळ्यातच, लांबून ओरडली, "मसाला जाळलास, मेले? सगला?" सगळा, असं दीपालीनं मानेनंच सांगितलं.

संध्याकाळी घराला बांबू लागले. आडवे दोन, उभे दोन, मध्ये फलक. आळीनं दारांतून बघून घेतलं. तक्रार करणाऱ्याचं समाधान झालं असेल, आता मिरचीचाही खोकला नाही. अनिलची तपासणी निगेटिव आली, त्याचं येऊन गेलं होतं म्हणे. दिशाची पॉझिटिव आली आणि ती एकदा ताप येऊन मोकळी झाली. दीपालीला ताप सुद्धा आला नाही. ती नुसती घरातल्या घरात फिरत होती, डबे उघडत होती, हुंगत होती, झाकत होती. पडवीत दहा जणींची मिरची, जी भाजली ती आणि जी भाजायची राहिली ती, दोन्ही ओळीनं मांडलेली. रविवारी टीव्हीवर टक्का आला. खाली आला होता. दीपाली, दिशा आणि त्यांच्यासारखे जे कोण निघाले असतील ते धरूनही खाली आला होता, कारण बाजारानं खरोखरच शेकड्यांनी धडधाकट माणसं नेऊन बसवली होती. सोमवारपासून सर्व दुकाने, मसाला कांडप यंत्रे धरून. पायरीवरचा माणूस स्वतः येऊन बांबूबाहेरून सांगून गेला, त्याच्या आवाजात आपुलकी होती. "तुमचं पण उघडलं हो," तो म्हणाला, आणि मग त्याची नजर बांबूकडे गेली. त्याच बातम्यांत शेवटी पाऊस यंदा वेळेवर असल्याचं सांगितलं.

सोमवारी सकाळी ती ओट्यावर बसून शटरं ऐकत होती. कापडवाल्याचं जड, अडखळत जाणारं, भांडेवाल्याचं किरकिरं, आणि लांब बाजाराच्या तोंडावर एक नवं, एका दमात सरकन वर जाणारं. इद्रीसचं. दोहाच्या पैशानं बसवलेलं. तिला त्याचा राग आला पाहिजे होता, पण आला नाही. तिला इतकंच वाटलं की या सगळ्या आवाजात माझाच नाही, आणि हे वाटणं तिला घशात बसलेल्या काट्यासारखं दिवसभर पुरणार होतं. तेवढ्यात फोन वाजला. हफीजाखाला.

"मेले, जिवंत हाईस ना?" दीपालीला बरं वाटलं. तिनं विचारलं, तुम्ही कशा आहात. "मी बरी. काल रात्री जरा कणकण होती. इद्रीस म्हणाला आज घरातच पड. तो गेलाय दुकान उघडायला. सोमवार ना आज." आवाज जरा खाली होता, वाऱ्यावर बोलल्यासारखा. दीपाली उठून उभी राहिली. तिनं मसाल्याचं काढलं, उगाच, आवाज चालू राहावा म्हणून. म्हणाली, खाला, तुमचा जळला, मी माझ्या मिरचीतला देईन, पाऊस यायच्या आत काहीतरी करेन. खाला म्हणाली, "तोच दे. जळका. काय फरक पडतो? कालपासना मना तरी कुठं वास येतोय." आणि हसली. दीपालीही हसली, दोघी हसल्या, हसता हसता खालाला ठसका लागला.

तो मिरचीचा नव्हता. कोरडा नव्हता, उडता नव्हता. खालून कुठून तरी ओढून आणल्यासारखा येत होता आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास पुरत नव्हता. दीपाली ऐकत होती. आता थांबेल, आता म्हणेल. बऱ्याच वेळानं थांबला. "थांब हं, बाय माजे," खाला अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं दीपालीला कधी बाय माजे म्हटलं नव्हतं. मग फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि पुन्हा तोच खोकला, लांबून.

"दिशा," दीपाली ओरडली, "तुझ्या फोनवरून इद्रीसला लाव. आत्ता. सांग घरी जा म्हणावं." दिशा धावत आली, फोन लावला, स्पीकरवर टाकला. रिंग वाजत होती. बाजार आज उघडला होता, गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोन कोण ऐकणार. अनिल चपला घालून बांबूपर्यंत गेला, तिथं थांबला, मग वाकून खालून निघाला आणि राजिवड्याच्या दिशेनं पळत सुटला. समोरच्या माडीवरून कुणीतरी त्याला हटकलं. रिंग वाजून बंद झाली, दिशानं पुन्हा लावली. दीपालीनं आपला फोन कानावरून काढला नाही. पलीकडे खोकला आला, थांबला, आणि ती ओट्यावर उभी राहून त्याच्यामागून शिवी यायची वाट बघत राहिली.